काळ्या छपराचे छत्तीस हजार: मुंबईत गाडी घेताना कर आणि नोंदणीचा अंदाज

मुलुंडच्या एका ताईंनी शोरूमचं कोटेशन पाठवून विचारलंय की यात सरकारचं किती, शोरूमचं किती, आणि हा अंदाज आपला आपल्याला घरी काढता येतो का. गाडी पेट्रोल, ११९७ सीसी, चार मीटरच्या आतली. लेकीला काळं छप्पर आवडलं म्हणून ड्युअल टोन घेताहेत. जुनी गाडी एक्सचेंजला द्यायची आहे आणि बँकेचं कर्ज आहे. कोटेशन असं: एक्स-शोरूम (जीएसटी धरून गाडीची किंमत) १०,०७,०००, आरटीओ १,३६,५००, विमा ५१,८००, टीसीएस (शोरूमने सरकारसाठी गोळा करायचा आगाऊ प्राप्तिकर) १०,०७०, फास्टॅग ६००, लॉजिस्टिक ८,५००, एसेन्शियल किट १४,९००, एक्स्टेंडेड वॉरंटी १८,२००. ऑन-रोड, म्हणजे सगळं मिळून, १२,४७,५७०.

अंदाज काढता येतो, आणि त्याला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत. मी चौदा वर्षं शोरूममध्ये आरटीओच्या टेबलावर बसलो, आता स्वतंत्रपणे नोंदणी आणि विम्याची कामं करतो. एवढ्या वर्षांत एक गोष्ट बघितली. लोक शेवटचा आकडा धरून घासाघीस करतात, ‘बारा लाखांत बसवा’ म्हणतात. सेल्समन पंधरा हजार कमी करतो आणि तेच पंधरा हजार दुसऱ्या ओळीत आधीच चढवलेले असतात. म्हणून ऑन-रोडचा आकडा आधी झाकून ठेवा आणि एकेक ओळ वाचा.

आरटीओची ओळ पहिली, कारण सगळ्यात जास्त धूर तिथेच असतो.

महाराष्ट्रात खासगी मोटारीला एकरकमी वाहनकर लागतो, पंधरा वर्षांचा एकदम. व्यक्तीच्या नावावरच्या पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाखांत १२, वीसच्या वर १३. डिझेलला याच टप्प्यांत १३, १४, १५. सीएनजीला पूर्वी ७, ८, ९ होते, १ जुलै २०२५ पासून एकेक टक्का वाढून ८, ९, १० झाले. त्याच वेळी एका गाडीवरच्या कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाखांवर गेली, पण ती तुमच्या-माझ्या कामाची नाही.

हे टक्के एक्स-शोरूम किमतीवर लागतात, म्हणजे जीएसटी धरून. तुमच्या गाडीचे १०,०७,००० उलगडले तर मूळ किंमत साधारण ८,५३,३९० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १,५३,६१०. या दोन्हींच्या बेरजेवर पुन्हा राज्याचे १२ टक्के, म्हणजे १,२०,८४०. करावर कर म्हणतात तो हाच. तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचं उत्तर त्यामुळे असं: साडेआठ लाखांच्या गाडीवर केंद्र आणि राज्य मिळून पावणेतीन लाखांच्या आसपास घेतात.

आता टप्प्यांची खरी गोम. प्राप्तिकरात कसं, वरच्या टप्प्याचा दर फक्त वरच्या रकमेला लागतो. इथे तसं नाही. दहा लाखांच्या वर एक रुपया गेला की १२ टक्के पूर्ण किमतीला. वर टीसीएसची रेषाही नेमकी तिथेच आहे: दहा लाखांवरच्या गाडीवर शोरूम १ टक्का टीसीएस कापतं, तोही पूर्ण रकमेवर.

तुम्ही सांगितलेल्या मॉडेलची एकरंगी गाडी ९,९२,००० ला आहे, मी विचारून घेतलं. काळ्या छपराचे पंधरा हजार जास्त. सेल्समनने तुम्हाला ‘फक्त पंधरा हजारांचा फरक आहे मॅडम’ असंच सांगितलं असणार आणि तो खोटंही बोलला नाही. पण ९,९२,००० वर ११ टक्क्यांनी कर होतो १,०९,१२०. तुमचा १,२०,८४०. फरक ११,७२०. म्हणजे छप्पर २६,७२० ला पडलं. त्यात टीसीएसचे १०,०७० धरा, आजच्या आज खिशातून जाणारे ३६,७९० झाले. टीसीएस बुडत नाही, तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना वजा होतो किंवा परत मिळतो; पण त्यासाठी रिटर्न भरावं लागतं, आणि शोरूमला पॅन बरोबर दिलेला असावा लागतो. गाडी सासऱ्यांच्या नावावर आणि पॅन भलत्याचाच, असे घोळ मी बघितलेत.

घेऊ नका असं मी म्हणत नाही. लेकीच्या आवडीला किती मोल द्यायचं हे तुमचं तुम्ही ठरवा. फक्त पंधरा हजार समजून हो म्हणू नका.

कुणी सुचवेल की एक्सचेंज बोनस धरून किंमत दहाच्या खाली आणा. सवलत इनव्हॉइसवरच वजा झाली तर निदान टीसीएसच्या बाबतीत फरक पडतो. नंतर क्रेडिट नोटने किंवा जुन्या गाडीच्या किमतीत जोडून मिळाली तर काहीच फरक पडत नाही. आरटीओच्या कराचा अंदाज मात्र नेहमी सवलतीआधीच्या छापील एक्स-शोरूमवरच काढा. कमी निघाला तर आनंद.

करानंतर शुल्कं. ही केंद्राच्या नियमांत ठरलेली आहेत आणि अगदी किरकोळ आहेत: मोटारीच्या नोंदणीचे ६००, स्मार्ट कार्डाचे २००, कर्जाचा बोजा चढवण्याचे १,५००. रोखीने घेतली तर हे शेवटचे नाहीत. टपालाचे थोडे. हाय सिक्युरिटी नंबरप्लेट १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीबरोबरच येते, तिचे वेगळे पैसे मागितले तर ‘का’ म्हणून विचारा. पावतीवर कराच्या जोडीला छोटे अधिभार येतात, त्यासाठी मी घरच्या हिशेबात कराच्या रकमेवर दोन-तीन टक्के वाढवून धरतो. तुमच्या बाबतीत १,२०,८४० अधिक २,३०० अधिक तीनेक हजार, म्हणजे १,२६,०००-१,२७,०००. कोटेशनमध्ये १,३६,५०० आहेत. मधले दहा हजार आरटीओला जात नाहीत.

ते कुठे जातात? काही शोरूम प्रामाणिकपणे ‘वरखाली झालं तर’ म्हणून जादा धरतात आणि नंतर परत करतात. काही परत करत नाहीत. मी ज्या टेबलावर बसायचो तिथेही ‘राउंड फिगर’ नावाचा प्रकार होता आणि तो राउंड कधी खालच्या बाजूला होत नसे. उपाय साधा आहे. आरटीओचे पैसे आता ऑनलाइनच भरले जातात, त्याची ई-पावती निघते, तिच्यावर कर, नोंदणी शुल्क, कार्ड, टपाल असं प्रत्येक ओळीत वेगळं छापलेलं असतं. कोटेशनवर पेनाने लिहून घ्या: ‘आरटीओ पावतीप्रमाणे’. हे दोन शब्द लिहून मागितले की टेबलापलीकडचा माणूस एकदा वर बघतो आणि मग कॅल्क्युलेटर पुन्हा काढतो.

ठाण्याला नोंदवली तर स्वस्त पडेल का, हेही तुम्ही विचारलंय. मुलुंडकरांचा हा जुना प्रश्न, कारण चेकनाका ओलांडला की ठाणे. नाही. तुम्ही वडाळ्याच्या एमएच-०३ मध्ये येता, पलीकडचे एमएच-०४ मध्ये. ताडदेव ०१, अंधेरी ०२, बोरिवली ४७. कर सगळ्या राज्यात एकच, फक्त नंबराची अक्षरं बदलतात. या समजुतीचं मूळ जकातीत आहे. मुंबईत जकात होती तेव्हा मुंबईतली एक्स-शोरूम किंमत खरोखर जास्त असायची आणि लोक बाहेरून गाडी घ्यायचे. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, जकात गेली, आणि त्याच वर्षी राज्याने वाहनकर दोन टक्क्यांनी वाढवून घेतला. पेट्रोलचे ९-१०-११ तेव्हा ११-१२-१३ झाले. एका हाताने सोडलं, दुसऱ्याने धरलं.

गाडी दमण-सिल्वासाला नोंदवायची कल्पनाही असतेच कुणा मेहुण्याच्या डोक्यात. बाहेरच्या राज्यात नोंदवलेली गाडी इथे बारा महिन्यांहून जास्त ठेवली की इथला नंबर घ्यावा लागतो आणि इथला करही भरावा लागतो. तिथला पत्ता खरा नसेल तर तो वेगळाच गुन्हा. बीएच मालिका (राज्याऐवजी ‘भारत’चा नंबर) मात्र कायदेशीर आहे, कर दोन-दोन वर्षांचा भरायचा असतो. ती केंद्र-राज्य सरकारी नोकर, संरक्षण दलं, सार्वजनिक उपक्रम, आणि चार किंवा अधिक राज्यांत कचेऱ्या असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी यांनाच मिळते. तुमच्या यजमानांची कंपनी त्यात बसत असेल आणि बदलीची शक्यता असेल तर विचार करा. जन्मभर मुलुंडातच राहणार असाल तर दर दोन वर्षांनी आठवण ठेवण्याची कटकट कशाला?

यजमानांच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या नावावर घ्यावी का, या प्रश्नाला माझं उत्तर: आधी सीएला विचारा, पण त्याला हा आकडा सांगून विचारा. कंपनीच्या नावावर वाहनकर सरसकट २० टक्के आहे. तुमच्या गाडीवर २,०१,४००. व्यक्तीच्या नावापेक्षा ८०,५६० जास्त. घसाऱ्याचा फायदा एवढे भरून काढतो का, ते तो सांगेल.

तुम्ही विचारलं नाहीत पण सांगतो, सीएनजीचा हिशेब करून बघा. हीच एकरंगी गाडी कंपनी-फिटेड सीएनजीत १०,८५,००० च्या घरात आहे. दहा लाखांच्या वर गेली तरी दर ९ टक्के, कर ९७,६५०. म्हणजे पाऊण लाखाने महाग असलेल्या गाडीचा कर तुमच्या काळ्या छपरापेक्षा २३,००० नी कमी. जून २०२५ पर्यंत तो ८६,८०० असता. डिकीत सिलिंडर बसतो आणि पंपावर रांग असते, ते तुम्ही जाणताच. विजेवरच्या गाडीला राज्यात वाहनकर माफ आहे, नोंदणी शुल्कही नाही. तीस लाखांवरच्या विजेच्या गाड्यांना ६ टक्के लावायचा प्रस्ताव २०२५ च्या अर्थसंकल्पात होता, तो मागे घेतला गेला.

दर कोणत्या तारखेचा धरायचा? बुकिंगच्या नाही. नोंदणी होते त्या वेळचा. माझा धाकटा मेहुणा यात सापडला. त्याने मे महिन्यात सीएनजी गाडी बुक केली, नऊ लाखांची. शोरूमने जूनअखेर देतो म्हणून सांगितलं, मग हवा तो रंग आला नाही, मग गाडी आली तर इनव्हॉइस निघेना, आणि जुलै उजाडला. नऊ हजार जास्त भरावे लागले. मी घरचाच माणूस, आयुष्य या धंद्यात गेलेलं, आणि त्याला ‘१ जुलैच्या आत इनव्हॉइस आणि नोंदणी करून घे’ एवढं सांगायचं माझ्याच डोक्यात राहिलं नाही. बहीण अजून ऐकवते.

उलटही होतं. २२ सप्टेंबर २०२५ ला लहान गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, त्याआधी बाराशे सीसीच्या आतल्या लहान पेट्रोल गाडीला सेस धरून २९ होता. सात लाख मूळ किमतीची गाडी ९,०३,००० वरून ८,२६,००० वर उतरली. सत्त्याहत्तर हजार सगळ्यांनी मोजले. पण एक्स-शोरूम उतरली की वाहनकरही उतरतो, ९९,३३० चा ९०,८६०, हे साडेआठ हजार कुणी मोजले नाहीत आणि काही ठिकाणी जुन्या कोटेशनमधला आरटीओचा आकडा तसाच राहिला. एक्स-शोरूम बदलली की आरटीओ आणि विमा दोन्ही नव्याने काढून मागायचे.

आता विमा. हा कर नाही, पण त्याशिवाय नोंदणी होत नाही, म्हणून तो याच पानावर असतो आणि शोरूमची सर्वात गोड कमाई त्यातच असते. नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा, सक्तीचा आहे. १००० ते १५०० सीसीला तीन वर्षांचे १०,६४०, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १२,५५५. हा दर सरकारने ठरवलेला आहे, कुठूनही घ्या तोच. उरलेला भाग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, तिथे कंपन्यांत स्पर्धा आहे. नव्या गाडीचं विमामूल्य एक्स-शोरूमच्या ९५ टक्के, तुमचं ९,५६,६५०. मुंबईला जुन्या टॅरिफप्रमाणे या गाडीचा मूळ दर ३.२८३ टक्के, म्हणजे ३१,४०० च्या आसपास, आणि यावर कंपन्या घसघशीत सूट देतात. निम्मी सूट धरली, झिरो डेप्रिसिएशन (क्लेममध्ये सुट्या भागांचा घसारा न कापणारी जोड) वगैरे जोडलं, जीएसटी धरला, तरी सगळं मिळून अडतीस हजारांच्या आसपास बसतं. तुम्हाला ५१,८०० सांगितलेत. बाहेरून दोन कोटेशनं आणा आणि टेबलावर ठेवा. शोरूमकडूनच विमा घ्यायची सक्ती नाही. बहुतेक वेळा शोरूमवाला स्वतःच तेवढ्यात देतो.

आणि जुन्या गाडीचा नो क्लेम बोनस विसरू नका. तो गाडीचा नसतो, तुमचा असतो. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत. जुन्या विमा कंपनीकडून तसं पत्र घ्या, नव्या गाडीच्या नुकसान-विम्यावर तेवढी वजावट मिळते. एक्सचेंजच्या गडबडीत जुनी गाडी आणि बोनस दोन्ही शोरूमच्या अंगणात सोडून येणारे रोज भेटतात. मालक-चालकाचा पंधरा लाखांचा अपघात विमा तुमच्याकडे आधीच वेगळा असेल तर तोही दुसऱ्यांदा घ्यायला नको.

उरलेल्या ओळींवर फार वेळ घालवत नाही. फास्टॅग ठीक. लॉजिस्टिक किंवा हँडलिंग नावाने साडेआठ हजार: कारखान्यातून गाडी आणण्याचा खर्च एक्स-शोरूममध्येच आहे आणि आरटीओत असल्या शुल्काला आधार नाही. सरळ नाही म्हणा. एसेन्शियल किट म्हणजे मॅट, मडफ्लॅप, एक छत्री आणि देवाची मूर्ती. लॅमिंग्टन रोडला किंवा तुमच्या मुलुंडच्या दुकानात निम्म्यात होईल. वॉरंटी घ्यायची तर घ्या, ती डिलिव्हरीनंतरही घेता येते, आजच हवी असं काही नाही.

तर माझा आकडा: काळ्या छपराची गाडी किट-वॉरंटी सोडून ११,८२,००० च्या आसपास, त्यातले दहा हजार टीसीएसचे परत येणारे. एकरंगी ११,४४,०००. बँकेला विचारून ठेवा की कर्ज एक्स-शोरूमवर देणार की ऑन-रोडवर. एक्स-शोरूमवर देत असेल तर कर आणि विम्याचे दीड लाखाहून जास्त तुमच्याकडे रोख हवेत, आणि ही गोष्ट लोकांना दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी कळते.

नंबराबद्दल, लेकीला बेरीज नऊ हवी आहे ना? आपसूक आला तर फुकट, मागून घेतलात तर शुल्क वेगळं, आणि ते कोटेशनमध्ये नसतं. ०००१ साठी मुंबईत ऑगस्ट २०२४ पासून सहा लाख मोजावे लागतात, चालू मालिकेबाहेरचा हवा तर अठरा. साधा बेरजेचा नंबर एवढा महाग नसतो, पण तो इनव्हॉइस निघायच्या आधी सांगावा लागतो. नोंदणी होऊन नंबर पडला की मग हळहळून उपयोग नाही.

नंबर पडायच्या आधी शोरूममधून फॉर्म २० ची प्रत मागून नाव, पत्ता आणि बँकेचं नाव अक्षर-अक्षर वाचा. मागे एका काकूंच्या आरसीवर ‘मुलुंड पूर्व’चं ‘पश्चिम’ झालं. रेल्वेरूळाच्या अलीकडचं पलीकडे, एवढंच, पण दुरुस्तीला दोन खेपा आणि एक रजा गेली. उद्या शोरूमला जाल तेव्हा आरटीओची ओळ पावतीप्रमाणे करून घ्या, आणि ई-पावती हातात आली की मला फोटो पाठवा. कराच्या ओळीत १,२०,८४० किंवा १,०९,१२० याखेरीज तिसरं काही दिसलं तर पुढे काय करायचं ते बघू.